टाक्यातलं कासव
टाकं घासताना ओल्या शेवाळाचा वास आला, की मला ती मुलगी आठवते. आमचे हे वारल्यावर घरात मी एकटी उरले, आणि मागच्या टाक्यात त्यांनी जवळच्या उतई गावच्या तळ्यातून आणलेलं कासव. सकाळी भात टाकताना मी त्याच्याशीच बोलायची. एका दुपारी तळ्यांतल्या जिवांची पाहणी करणारी एक मुलगी शेजारणीकडून कासवाचं कळून दारात आली. टाक्यात वाकून ती हसलीच. "मावशी, याले कुंकू कावून लावलं जी?" नागपूरकडची निघाली. या परमुलखात गल्लीत सगळी हिंदी बोलणारी, त्यामुळे घरची बोली ऐकून मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "शंकराच्या पिंडीसमोर असते ना कासव, म्हणून सोमवारी लावते." मग पायरीवर बसून तिनं सांगितलं, की कोणती जात किती उरली ते पाहून वर्ग ठरवतात आणि जास्त धोक्यातल्यांना आधी वाचवतात. "हे धोक्यातल्या जातीचं हाये, मावशी. घरी नाही ठेवता येत. तळ्यात सोडलं तर याले जोडी भेटन." मी पदरानं त्याचं कुंकू पुसलं आणि मीच ते तिच्या बादलीत ठेवलं. निघताना तिनं विचारलं, "तुमी एकट्याच राहता का?" माझ्या तोंडून "नाही" निघालं. कासवाला जोडी मिळाली असेल, असं मी धरून चालते. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही. थांब, चहा घेऊन जा, एवढं म्हणायचा मला धीर झाला नव्हता.