वीणा टेकली नाही

त्या दुपारी मी मारुतीरायावर मनापासून चिडले होते. खरं सांगायचं तर त्याच्याशी भांडतच होते.

नव्वदीची सुरुवात होती. मुंबई सोडून आम्ही खाडीकाठच्या जेसल पार्कात राहायला आलो होतो आणि गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या छोट्या देवळात आमचा नामसप्ताह चालू होता. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नाही, ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात हवी आणि नाम अखंड चालू हवं, हा नेम. पुरुष कामावर गेले की दुपारचा पहारा आम्हा बायकांचा. त्या दिवशी वीणा माझ्याकडे होती. सकाळपासून पाऊस कोसळत होता, त्यात भरती आली आणि खाडीचं पाणी गल्लीत शिरलं. बरोबरच्या बायका घरचं सामान वर चढवायला पळाल्या. माझ्यानंतर जिची पाळी, ती काही येईना.

आणि आमच्या तळमजल्यावरच्या घरात सासूबाई एकट्या होत्या. अर्धांगामुळे त्यांना कूसही बदलता येत नसे. दाराला मी बाहेरून कुलूप लावून आले होते. पाणी देवळाच्या पायऱ्या चढू लागलं तसा माझा जीव घाबरा झाला. मी नाम घेत होते, पण मनात एकच धावा चालला होता : देवा, वीणा घ्यायला कोणालातरी पाठव, मी धावत सुटते. कोणी आलं नाही. शेवटी माझा पारा चढला. "नाही ना पाठवत? मग चल तूसुद्धा माझ्याबरोबर!" असं त्याच्या तोंडावर म्हणाले, पदर खोचला आणि वीणेसकट पाण्यात उतरले.

पाणी आधी गुडघाभर, मग कमरेला. वीणा एका हाताने उचलून धरलेली, आणि भीतीने आवाज असा चढलेला की "रामकृष्णहरी"ची आरोळीच होत होती. आता, वीणा देवळाबाहेर निघते ती फक्त शेवटच्या दिवशी, दिंडीच्या पुढे. त्यामुळे भराभर खिडक्या उघडल्या आणि माणसं जिने उतरू लागली. कोणाच्या हातात हार, कोणाच्या हातात नारळ! आमच्या वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन तर आरतीचं ताट घेऊन जिन्यात उभ्या.

"अरे भाभी, दिंडी आज कशी काय काढली? बारिश तर बघा!"

"दिंडी कसली हंसाबेन, आई आत अडकल्यात!"

ताट जिन्यातच राहिलं. मी कुलूप काढलं, पण दार फुगून बसलेलं. तेवढ्यात शेजारच्या जिन्यातले कांबळेकाका आले. ते विहारात जाणारे, आमच्या सप्ताहाकडे कधी न फिरकलेले. रात्रपाळी करून झोपले होते आणि माझ्या आरडाओरड्याने उठून, वैतागूनच खाली आले होते. "ताई, सरका," म्हणाले आणि त्यांनी खांद्याने दार आत लोटलं. पाणी गादीला लागलं होतं. आई हनुवटी वर करून छताकडे बघत होत्या. त्यांना सावरायला मला दोन्ही हात हवे होते.

"द्या इकडे," हंसाबेन म्हणाल्या. "पण मला वाजवायला नाय येत."

"नुसती खाली ठेवू नका. आणि देवाचं नाव घ्या."

त्या जिन्यात उभ्या राहून "जय श्रीकृष्ण, जय श्रीकृष्ण" म्हणू लागल्या. बाकीच्यांनी खाटेसकट आईंना उचलून वर हंसाबेनच्याच घरात नेलं. मग काय, सगळ्यांना चेवच चढला! दिंडीसाठी उतरलेली ती सारी माणसं गल्लीतल्या एकेका तळमजल्यातून म्हातारीकोतारी, लेकरं वर आणू लागली. ज्याचे हात रिकामे, त्याच्या गळ्यात वीणा. दमलेल्या कांबळेकाकांनीही ती घेतली. "तुमचं नाम मला येत न्हाई ताई, पण उभा राहतो." आणि खरंच, डोळे मिटून शांत उभे राहिले.

हंसाबेनच्या घरी खिचडीचा वास सुटला तेव्हा आईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांचे शब्द जड येत. "वीणा… टेकवलीस?"

"नाही हो आई," म्हणताना मला रडू फुटलं. त्या हसल्या, अर्ध्याच ओठांनी, पण पोटभर.

माझ्या मागणीप्रमाणे कोणी वेळेवर वीणा घ्यायला आलं असतं, तर मी एकटीच मुकाट्याने धावत गेले असते आणि त्या फुगलेल्या दारापाशी एकटीच रडत बसले असते. आता मी देवाजवळ मागते, पण कसं द्यायचं ते त्याच्यावर सोडते. त्या दुपारी मी एकच गोष्ट मागितली होती. ती त्याने दिली नाही, म्हणून आई वाचल्या.