श्रावणातली दाढी

आमच्या घरी श्रावणात पुरुषांनी दाढी करायची नाही, असा रिवाज. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला, आणि आई तो मोडू देत नसे. मी अग्निशमन दलात वीसेक वर्षं काढलेली, पाळीचा प्रभारी. हाताखालच्या पोरांना मी रोज दाढी करायला लावायचो. श्वास घ्यायचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत हवेत, हे प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगायचो. स्वतःला मात्र श्रावणापुरती सूट. इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं, म्हणून ते मला चुकीचं वाटेनासं झालं होतं.

त्या सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. नावड्याच्या पुढे, कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक टँकर नाल्याच्या कडेला कलंडलाय, पांढरा धूर निघतोय, ड्रायव्हर आत अडकलाय. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

मी गाडी लांबच थांबवली. रस्त्याकडेच्या मारुतीच्या देवळावरचा भगवा झेंडा पाहिला. वारा खाडीकडून येत होता आणि धूर आमच्यापासून पुढे, मोकळ्या माळाकडे चालला होता. दुर्बीण लावून टँकरच्या पाठीवरची पाटी वाचली. ओलियम. म्हणजे सल्फ्युरिक आम्लाचाही थोरला भाऊ. हवेतली ओल लागली तरी धुमसतो आणि पाणी पडलं तर उकळून अंगावर येतो.

आम्ही आग विझवणारे. हातात पहिलं येतं ते पाणीच. त्या दिवशी तेच हात आवरायचे होते.

"होज कोणी खोलायचा नाही," मी ओरडून सांगितलं. "दुसरी गाडी मागे, देवळापाशी लावा. अंगावर पाणी घ्यायची सोय तिथं करा. टँकरवर एक थेंब नाही."

तोवर गर्दी जमली होती. त्यात माझा थोरला चुलतभाऊ. त्याचं तिथंच रेती-विटांचं दुकान आहे. तो आम्ही बांधलेली दोरी ओलांडून सरळ माझ्या अंगावर आला.

"उभा काय रायलास? पानी मार ना! मानूस मरतंय तिकडं!"

"दादा, पाणी मारलं तर तो आधी मरेल."

"मंग मी जातू." त्यानं खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि नाकाला लावला.

तो ओला रुमाल माझ्या ओळखीचा होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, एका गोदामात पिंप फुटलं होतं. तेव्हा मी आणि माझे त्या वेळचे लीडिंग फायरमन असेच रुमाल भिजवून आत शिरलो होतो. श्वासाचे सेट गाडीत होते. घालायला वेळ जाईल म्हणून घातले नाहीत. पिंपात काय आहे ते कोणी विचारलंही नाही. लोकांनी आम्हाला टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघेही दवाखान्यात. मी सावरलो, तरी अजून तीन मजले चढलो की थांबावं लागतं. त्यांना मुदतीआधीच नोकरी सोडावी लागली. भेटायला गेलो की ते अर्धं वाक्य बोलतात, श्वास घेतात, मग उरलेलं अर्धं.

मी भावाचा दंड धरला आणि त्याला दोरीबाहेर नेला. "दादा, तुझ्याकडे ताडपत्रीखाली कोरडी रेती आहे?"

"हाय. दोन डंपर."

"आण. ओली एक घमेलंभरसुद्धा नको. नाल्याच्या तोंडाशी बांध घालायचाय."

तो दुकानाकडे पळाला.

ड्रायव्हरची केबिन वारा येत होता त्या बाजूला होती, गळती मागच्या झाकणातून. त्यामुळेच तो अजून जिवंत होता. काचेआडून त्याचा हात हलताना दिसत होता. वारा फिरला असता तर पाच मिनिटंही मिळाली नसती. एका फायरमनला मी फक्त झेंड्याकडे बघत उभं राहायला सांगितलं आणि स्वतः रसायनरोधक सूट चढवायला लागलो. आत मीच जाणार, हे मी कोणाला न विचारताच ठरवलं होतं.

आमच्याकडे आत जाणाऱ्याचा मास्क जोडीदार तपासतो. माझी जोडीदार होती साताऱ्याकडची, चार वर्षं नोकरी झालेली फायरवुमन. तिनं माझ्या मास्कच्या नळीचं तोंड तळव्यानं बंद केलं. मी श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता. गालाजवळून बारीक सूं सूं आली.

"पुन्हा," ती म्हणाली. पट्टे आवळले. पुन्हा सूं सूं.

"चालेल," मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम आहे."

"सर, नाही चालणार. दाढी आहे."

"तो माणूस आत बसलाय."

"म्हणूनच. तुम्ही तिथं पडलात तर आम्हाला दोन माणसं काढायला लागतील." तिचा आवाज चढला नव्हता, पण हात माझ्या मास्कवरून हलला नव्हता. "तुम्हीच शिकवलंय."

आजूबाजूला सगळी पाळी उभी. मला राग आला, हे लपवत नाही. तिच्यावर नाही, तरी त्या घटकेला तो तिच्यावरच निघाला असता. मी मास्क उतरवला.

"तू आणि आपल्या गाडीचा ड्रायव्हर-ऑपरेटर, दोघं आत. अजून दोघं सूट घालून तयार. मी इथून वेळ बघतो."

सूट अंगावर चढायला, पट्टे, हातमोजे, बूट तपासायला वेळ गेला. लोक शिव्या देत होते. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं, "बगा, नुसते कपडे घालतायत!" मी मागे वळून पाहिलं नाही. सिलिंडरवर अर्धा तास लिहिलेलं असतं, पण सूट घालून कष्टाचं काम करणाऱ्याला तेवढी हवा पुरत नाही. पंधरा मिनिटांनी, काम अर्धं असलं तरी परत फिरायचं, असं मी दोघांकडून वदवून घेतलं.

ते आत गेले. आत जाण्यापेक्षा बाहेर हातात घड्याळ धरून उभं राहणं कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं. वॉकीटॉकीवर तिचा श्वास ऐकू येत होता. ड्रायव्हरचा पाय स्टिअरिंगखाली दाबला गेला होता. दरवाजा पहारीनं उचकटला. आठ मिनिटं. नऊ.

"पाय निघत नाही, सर."

"सीट मागे सरकवून बघा."

बारा मिनिटं. झेंड्यावर नजर ठेवणारा ओरडला, "वारा पडला!" झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. धूर आता पुढे जात नव्हता, जागीच जाड होत होता आणि केबिनकडे पसरत होता. सूट घातलेले दुसरे दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना दोरीपर्यंत पुढे घेतलं.

"तेरा झाली. निघाला नाही तरी तुम्ही निघायचं. हे दोघं येतायत."

फक्त श्वास. मग तिचा आवाज, "निघाला."

दोघांनी त्याला काखेत हात घालून आणलं. पन्नाशीचा माणूस, डाव्या पोटरीवर कपडा जळून चिकटलेला. देवळापाशी त्याचे कपडे कापून काढले आणि आता मात्र पाण्याचा धो धो मारा केला. तो थंडीनं कुडकुडत "गाडी? मेरी गाडी?" एवढंच विचारत होता. रुग्णवाहिकेतले डॉक्टर पुढे झाले.

इकडे ऑपरेटरनं दमून मास्कच्या पट्ट्याला हात घातला. मी जीव खाऊन ओरडलो, "हात खाली!" सूटवर आम्ल असतं. आधी धुवायचं, मग मास्क. माणूस बाहेर आल्यावर ढिला पडतो आणि तिथंच फसतो. दोघं हात पसरून उभे राहिले, पोरांनी त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत धुतलं, मग मी माझ्या हातानं तिचा मास्क काढला. तिच्या गालांवर रबराचे लाल वळ उठले होते.

"सर, रागावलात?"

"हो," मी म्हणालो. "स्वतःवर."

भावाच्या रेतीचा बांध नाल्याच्या तोंडाशी पडला होता. कारखान्याची माणसं आम्ल मारायला चुनखडी आणि दुसरा रिकामा टँकर घेऊन आली. पाऊस सुरू व्हायच्या आत गळतं झाकण बंद झालं. ड्रायव्हरचा पाय वाचला. त्याला महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. त्यात मी लिहिलं, की प्रभारीनं दाढी केलेली नसल्यामुळे त्याचा मास्क बसला नाही, आणि जोडीदार कर्मचाऱ्यानं त्याला रोखलं ते योग्य केलं. वरिष्ठांनी ते वाचून भुवया उंचावल्या. "हे लिहायची काय गरज? काम तर चांगलं झालंय."

"राहू द्या, सर."

स्टेशनच्या बेसिनपाशी उभा राहून दाढी केली. घरी आईनं दारातच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भावानं तिला सगळं सांगितलं असावं, कारण तिनं जेवताना न बघताच विचारलं, "दर वर्सी करशील आता?"

"दर वर्षी."

तिनं पानात भात वाढला.

पुढच्या रविवारी भावानंच गावातल्या लोकांना समाजमंदिरात बोलावलं. मी फळ्यावर बाण काढून दाखवले. धुराच्या पुढे पुढे पळू नका, वाऱ्याला आडवं चाला, ओल्या रुमालावर भरवसा ठेवू नका. एक म्हातारी उठली.

"आन मंगलवारी झाला तं? पोरा सालंन असतील. साला तं कारखान्यांच्याच अंगाला हाय."

मी फळ्यावरचे बाण कागदावर उतरवून घेतले. सोमवारी सुट्टी घेतली, गुळगुळीत दाढी केली आणि तो कागद घेऊन शाळा भरायच्या आधीच मुख्याध्यापक बाईंच्या खोलीबाहेर जाऊन बसलो.