चव्वेचाळीस ग्रॅम पाणी

आमची शाळा साखर कारखान्याच्या चेअरमनची. त्या दुष्काळात कारखान्याला ऊस मिळेना, धुराडं थंड पडलं, तेव्हा चेअरमनने आपल्या जावयाला कारखान्यातल्या खुर्चीवरून उचललं आणि अकरावीला रसायनशास्त्र शिकवायला आमच्यापुढे आणून उभं केलं. निव्वळ वशिल्याचं तट्टू. गाईड समोर नसलं तर या माणसाला स्वतःची सही आठवली नसती.

मला अंबाजोगाईला मेडिकलला जायचं होतं, आणि वाटेत हा आडवा पडला होता. चाचणीत जो नापास होईल त्याला कला शाखेत ढकलणार, असं त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

एकदा त्यानं फळ्यावर पाण्याचं संतुलित समीकरण उतरवलं. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, मिळून पाण्याचे दोन. मग गणित घातलं: चार ग्रॅम हायड्रोजन आणि चाळीस ग्रॅम ऑक्सिजन, तर पाणी किती? आणि सरळ बेरीज करून मोकळा झाला. चव्वेचाळीस. ज्या गावात टँकरमागे हंडे घेऊन पळता पळता बायांची हाडं खिळखिळी झाली होती, तिथं हा खडूनं जास्तीचं पाणी काढत होता.

मी उठून म्हणालो, "सर, छत्तीस येतंय. चार ग्रॅम हायड्रोजनला बत्तीसच ऑक्सिजन लागतो. आठ उरतो."

"उरतो कसा बे? वस्तुमान नष्ट होत न्हाई, नियम हाय. टाकलेलं जातंय कुटं?"

"कुटंच जात न्हाई, सर. ऑक्सिजन म्हणूनच ऱ्हातो. पाणी संपल्यावर पीठ उरलं तर त्याच्या भाकरी होत न्हाईत."

वर्ग हसला. जावई हसला नाही.

चाचणीत त्यानं मुद्दाम तेच गणित घातलं, आणि निम्म्याहून जास्त गुण त्यालाच ठेवले. शेजारचा कुजबुजला, "लिही की बे चव्वेचाळीस. तुज्या बापाचं काय जातंय?" सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. मेंढरं तरी वाटेत एखादं झुडूप दिसलं की थांबतात. मी छत्तीस लिहिलं आणि नापास झालो.

पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. ते स्वतः बीएस्सी. त्यांनी चष्मा लावून गणित पाहिलं, मग उठून दार लोटलं.

"बरोबर तुजंच हाय," ते म्हणाले. "पण आता सगळा वर्ग चव्वेचाळीसवर पास झालाय. तुजं धरलं तर त्यान्ला नापास करावं लागंल. सहकारातल्या मान्सांची शाळा हाय, पोरा. बहुमत बघावं लागतंय."

जावयाची मला चीड होती. या माणसाची किळस आली. जावयाला निदान कळत नव्हतं.

सोमवारपासून मी कला शाखेच्या वर्गात बसलो. अंबाजोगाई तिथंच संपली. त्या वर्गाला शिक्षकच नेमलेला नव्हता, त्यामुळे चुकीचं तरी कोणी शिकवत नव्हतं.