डाव्या खांद्याचा कोट

माझ्या मावशीनं आयुष्यात दोनच माणसांसाठी कोट शिवले: एक गिऱ्हाईक आणि दुसरे तिचे यजमान, म्हणजे माझे काका. गिऱ्हाइकं हजारो झाली असतील, पण तिच्या लेखी ती सगळी मिळून एकच.

डोंगरात जाणाऱ्यांचे कोट आणि पाठपिशव्या शिवणाऱ्या कारखान्यात ती बत्तीस वर्षं आहे. खिडकीजवळचं तिसरं मशीन तिचं. तिथं तिला सगळेच मावशी म्हणतात; खऱ्या नात्यानं म्हणणारा मी एकटा. जाड सुती कापड, त्यावर मेण आणि तेलाचा हात, पितळी बटणं, काखेत हवेसाठी दोन भोकं. आधीच्या मालकांच्या काळात हे कोट खरोखर डोंगरावर जात. मग हलकं, रंगीत नायलॉन आलं आणि कारखाना बसता बसता वाचला. आता जुनी फॅशन परत आली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मोहिमेतून आणलेला वाटावा असा कोट लोकांना हवा असतो आणि तो घालून बहुतेक जण कॉफी प्यायला जातात. मावशीची त्याला हरकत नव्हती.

"जाऊ देत की कुठंही. पाऊस काय पत्ता विचारून पडतो?"

बिनसलं ते नवी डिझायनर आल्यावर. कोट फार कोरे दिसतात, असं तिचं म्हणणं. म्हणून तयार कोटाची कोपरं, खांदे आणि छाती काचपेपरनं पांढरी होईपर्यंत घासायची. आठवड्याभरात तिचंच नाव काचपेपर पडलं. मावशीनं घासलेला पहिला कोट उचलला आणि नळाखाली धरला. खांद्यातून पाणी सरळ आत.

"मेणच काढून टाकलंस, बाई. हा आता कोट नाही, पडदा झाला."

"मावशी, हा घालून पावसात कोण उभं राहणार आहे?"

"मग पडदा म्हणूनच विका."

त्या दिवसापासून 'पाणी आत येत नाही' ही पट्टी घासलेल्या कोटांना लावायचं तिनं बंद केलं. ते कोट दुसऱ्या मशीनकडे जाऊ लागले.

मी कापडाच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. कापड कुठं, किती फेऱ्यांनंतर झिजतं, हे आमचं यंत्र सांगतं. त्यामुळे मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "खरा कोट कुठं झिजतो ते दाखव त्यांना. काकांचा कोट घेऊन जा."

पुढचं सगळं त्या सल्ल्यानं घडलं.

काका डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात यंत्रं आणि बॅटऱ्या पोचवायचे. तरुणपणी उजवा खांदा निखळला होता, म्हणून पेटीचा पट्टा कायम डाव्या खांद्यावर. सव्वीस वर्षांत तिथं चार बोटं रुंद पांढरा पट्टा उमटला होता. उजव्या खिशाची कडही विरली होती, कारण मोकळा हात ते तिथं खुपसत. पावसाळा संपला की ते स्वतः बसून कोटाला मेण द्यायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून कोट दारामागच्या खुंटीला होता आणि मावशीनं त्याला मेण लावलं नव्हतं. "मेण दिलं की तो पट्टा बुजेल," एवढंच एकदा म्हणाली होती.

तो कोट तिनं मालक आणि डिझायनरपुढं पसरला. डिझायनरनं खांद्यावरून हात फिरवला.

"अगदी हेच हवं होतं. याचा छाप घेऊ. या खेपेचे चारशेच्या चारशे कोट असेच घासू."

मावशीला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "चारशे जणांचा उजवा खांदा दुखतो?"

"मावशी, त्यात काकांचाच मान आहे," मालक म्हणाला.

"सव्वीस वर्षं ओझं वाहिलं तेव्हा हा असा झाला. ते तू चहाच्या सुट्टीआधी उरकणार?"

ती या मालकाला 'तू' म्हणते. शाळेत असताना तो तिच्या मशीनमागच्या ताग्यांवर झोपायचा.

मग तिनं कोट उचलला, अंगात घातला आणि मशीनवर जाऊन बसली. उन्हाळ्याचे दिवस. पंख्याखालीही माणसं निथळत होती आणि ही मेणकोटात. डिझायनर पारदर्शक कागद घेऊन आली.

"जरा काढता का?"

"थंडी वाजतेय."

तीन दिवस तिला थंडी वाजत होती. कटिंगवाला म्हणाला, "मावशी, आत शिजाल."

"शिजले तर वाढून घे."

चौथ्या दिवशी मालकानं तिला बोलावलं. सोमवारी कोट टेबलावर हवा, नाहीतर मशीन दुसऱ्या कुणाला देईन.

"देते कोट," ती म्हणाली.

मी फोनवर चिडलो. "अगं, काकांचा कोट!"

"सोमवारी रजा टाक. बाही धरायला माणूस लागेल."

सोमवारी आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. तिनं शेगडीवर मेणाचं भांडं ठेवलं, फडकं बुडवलं आणि पाठीपासून सुरुवात केली. डावा खांदा शेवटी करायचा ठेवला होता. तिथं आल्यावर तिनं फडकं खाली ठेवलं, त्या पट्ट्यावरून एकदा बोट नेलं आणि मग जोर लावून मेण चोळलं. तहानलेलं कापड मेण पीत गेलं. पांढरा पट्टा आधी पिवळा आणि मग बाकी कोटासारखाच तपकिरी झाला. मी बाही धरून होतो.

मालक आला तेव्हा कोट टेबलावर होता, अजून कोमट.

"घे. मागितला होतास."

डिझायनरनं कागद पसरला, पेन्सिल काढली आणि तशीच थांबली. "हा तो कोट नाही."

"तोच आहे. हे दरवर्षी असंच करायचे. माझ्याकडून सहा वर्षं राहून गेलं."

"मुद्दाम केलंत, मावशी," मालक म्हणाला.

"मुद्दामच. कोटाला मेण लागतं. तुझ्या वडिलांनीच शिकवलं मला."

त्यानं कोट उचलून तिच्या हातात परत दिला. मशीनचं नाव त्यानं काढलं नाही, म्हणून ती जाऊन मशीनवर बसली. काचपेपर काही थांबला नाही. डिझायनरला वाटेल तिथं कोट अजूनही घासले जातात आणि ती पट्टी मावशी अजूनही लावत नाही.

त्या संध्याकाळी फाटकापाशी मी मावशीच्या अंगातल्या कोटाच्या डाव्या खांद्याला हात लावला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटांखाली कापड पातळ लागत होतं, बरोबर चार बोटं रुंद.

मावशीनं डब्याची पिशवी उजव्या खांद्यावर अडकवली.

"डावा त्यांचा झालाय," म्हणाली. "हा माझा."