खुडूक कोंबडीचा रोबो

मी न्युरेम्बर्गला भावाकडे आले त्याला महिना होऊन गेला. भाऊ इथे इंजिनिअर आहे, भावजयही कामाला जाते. त्यांची मुलगी यंदा पहिलीत गेली. शाळा लवकर सुटते आणि घरी कुणी नसतं, म्हणून भावाने मला थंडी सरेपर्यंत बोलावून घेतलं.

भाचीला मराठी सगळं कळतं. पण आई-वडील मराठीत विचारतात आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. माझ्याशी तर तेही नाही. मान हलवून हो किंवा नाही, एवढंच. मीही मुळात बोलणारी नाही. मी दूध पुढे ठेवते, ती पिते. मी पोळीला तूप लावून गुंडाळी करून देते, ती खाते. दुपारभर घरात दोघी असतो आणि आवाज फक्त फ्रिजचा.

भाऊ म्हणतो, "दोघी एकमेकींना लाजताय. ताई, तू मोठी आहेस, तू तरी सुरुवात कर."

त्याला काय सांगू. मी इथे आले ती दूध-पोळी द्यायला, हे खरंच आहे. पण मनात एक होतं, की परत जाण्याआधी या पोरीने मला आपली आत्या म्हणावं. घरात कुणी पाहुणी आली आहे तसं बघू नये.

तिच्या बारशाला मी नव्हते. इथे इस्पितळातून घरी सोडायच्या आधीच बाळाचं नाव विचारतात म्हणे, त्यामुळे आई-वडिलांनी ते आधीच लिहून दिलं होतं. तरी रीत म्हणून त्यांनी पाळणा सजवला आणि भावाने फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी ठेवला. आत्यानेच कानात नाव सांगायचं असतं ना. इकडे मी नवी साडी नेसून, फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. "कुर्रर्र" म्हटलं आणि समोरचं चित्र थिजलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा तिकडे टाळ्या वाजून गेल्या होत्या आणि पेढे वाटत होते. त्यांना वाटलं मी नाव सांगितलं. माझ्या तोंडून ते बाहेर पडलंच नव्हतं. सगळे इतके खुशीत होते की मी काही बोलले नाही.

शिवाय मुलगी झाल्याचं कळलं त्या दिवशी मी माझ्यापुरतं एक वेगळंच नाव ठरवलं होतं. ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तर या रविवारची गोष्ट. ती मात्र आमच्या लहानपणापासून सांगावी लागेल.

आम्ही लहान होतो तेव्हा वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकायला होते आणि आई साहेब लोकांच्या क्लबात झाडलोट करायची, चहा करायची. भाऊ फार उशिरा झाला. तो झाला आणि माझी शाळा चौथीतच थांबली, कारण त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. तो गुबगुबीत होता आणि माझ्या कडेवरच असायचा.

रविवारी क्लबात साहेबांच्या मुलांना कॅसेट लावून देत. आम्ही दोघं मागे दाराजवळ उभे राहायचो. एकदा परदेशी चित्रांचा सिनेमा लावला. एका डोंगरावरच्या गावात एक रोबो असतो. तो रोज संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावतो. मग गावात विजेचे दिवे येतात, ते आपोआप लागतात आणि रोबोला काम उरत नाही. तो माळावर जाऊन उभा राहतो. त्याच्या पोटाला एक छोटं दार असतं. त्यात एक कोंबडी शिरते आणि अंड्यांवर खुडूक बसते. ती उठू नये म्हणून तो मग हलतच नाही. पावसात, वाऱ्यात, तसाच उभा.

भाषा कुणालाच कळत नव्हती. साहेबांची मुलं कंटाळून बाहेर क्रिकेट खेळायला गेली. भावाला दात येत होते, तो सकाळपासून रडत होता. कोंबडी पोटात बसली आणि तो गप्प झाला. मी जागची हलले तर तो पुन्हा रडेल, म्हणून मीही तशीच उभी राहिले. शेवटी आई ओरडत आली, "अगं, कपबशा कोण विसळणार?" आणि आम्हाला जावं लागलं. सिनेमाचा शेवट राहिला.

पुढे भावाला भरवताना मी तीच गोष्ट सांगायची. शेवटी पिल्लं बाहेर येतात आणि रोबो त्यांना घेऊन चालत गावात येतो, असं मीच लावून द्यायची.

भावाने ही गोष्ट त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका जर्मन माणसाला जेवणाच्या सुट्टीत सांगितली. तो माणूस पूर्व जर्मनीतल्या येना शहराकडचा. खाता खाता थांबला म्हणे. त्याच्या लहानपणी तो सिनेमा दर थंडीत टीव्हीवर लागायचा. त्याने आईच्या केलरमधून, म्हणजे तळघरातून, सीडी शोधून आणून दिली. इथे लोक जुनं काही टाकत नाहीत, केलरमध्ये ठेवतात.

रविवारी जेवणं झाल्यावर भावाने ती लावली. सोफ्यावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाची, मधे भाऊ. भावजय स्वयंपाकघरात चहाचं बघत होती.

रोबो आला आणि मी म्हटलं, "हा तो नव्हे."

"का गं ताई?"

"तो निळा होता. हा पिवळा आहे."

भाऊ हसायला लागला. "अगं, क्लबातला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्याच्यापुढे निळी प्लास्टिकची काच लावलेली असायची ना? तूच सांगायचीस. तुझं सगळं बालपण निळं असणार."

खरंच की. आणि तो रोबो मला पाण्याच्या टाकीएवढा आठवत होता. हा जेमतेम माणसाएवढा, वाकलेला, गुडघ्यात कुरकुरणारा. पण दिवा लावताना मान तिरकी करायची त्याची सवय तीच होती. ती मी अजिबात विसरले नव्हते.

भाऊ मला एकेक वाक्य मराठीत सांगत होता. हळूहळू वाक्यं थांबत थांबत येऊ लागली आणि रोबो माळावर पोचेपर्यंत भाऊ झोपला. तोंड उघडं टाकून, अगदी लहानपणी झोपायचा तसा.

आता मला काही कळेना. चित्र बघत होते. माळावर कुणी म्हातारा येऊन रोबोशी बोलत होता. मी भाचीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. मग ती हळूच भावाच्या पायांवरून रांगत माझ्या बाजूला आली.

"आत्या," ती म्हणाली, "तो बोलतो, चल घरी. रोबो बोलतो, नाइन, नाही. आत ती आहे."

"कोंबडी?"

"या, या," तिने मान हलवून हो म्हटलं. "आणि अंडी. तो चालला तर अंडी... कापुट." तिने हाताने फुटल्याचं दाखवलं.

"फुटतील."

"फुटतील," ती म्हणाली. मग ती सगळंच सांगू लागली. मराठी संपलं की जर्मन, जर्मन मला कळलं नाही की हात. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते.

मध्येच तिने सिनेमा थांबवला. "त्याला नाव नाही, आत्या. सगळे नंबर बोलतात."

"हो का? बिचारा."

"मम्मा बोलते, आत्या नाव देते. बाळाला." ती माझ्याकडे वळली. "माझं नाव तू दिलं?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. सगळे तसंच धरून चालतात. पण ती इतकी सरळ बघत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "मी सांगणार होते, पण फोन बंद पडला. तुझ्या कानात नाव गेलंच नाही."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. भावजय दारात आली होती.

भाचीने विचार केला. "मग याला दे," तिने पिवळ्या रोबोकडे बोट दाखवलं.

माझ्याकडे तर एकच नाव होतं. इतकी वर्षं सांभाळलेलं, ते एका पत्र्याच्या रोबोला द्यायचं? मनाला बरं वाटेना. म्हटलं, "माझ्याकडे आहे ते मुलीचं आहे."

"मग काय? अंडी तर तोच बघतो."

मी म्हटलं, "कानात सांगावं लागतं. मोठ्याने सांगत नाहीत. याला तर कानच नाही."

"मला सांग. मी त्याला सांगते." आणि तिने केस मागे सारून कान माझ्यापुढे केला.

तिचा कान गार होता, मागे छोटा तीळ होता. तो मी कधी पाहिलाच नव्हता. मी तोंड जवळ नेलं आणि "कुर्रर्र" केलं. तिला गुदगुल्या झाल्या, तिने मान आत घेतली, पण हलली नाही. मग मी नाव सांगितलं.

इतक्यात माझ्या पाठीत धप्पकन बसली. मागे भावजय उभी. "माफ करा हं ताई," ती म्हणाली, "पण आत्या नाव सांगते तेव्हा पाठीत बुक्का बसलाच पाहिजे. आमच्याकडे तर चार-पाच जणी मारतात." ती हसत होती, पण डोळे भरले होते. "मला कुणी सांगितलंच नाही हो, त्या दिवशीचं."

"त्यात काय सांगायचं," मी म्हटलं.

त्या आवाजाने भाऊ जागा झाला. "काय झालं? संपला का?"

"तुम्ही झोपा," भावजय म्हणाली.

भाची टीव्हीपाशी गेली. पडद्याला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. काचेवर वाफेचा ठिपका उठला, तो तिने बाहीने पुसला. परत येऊन ती माझ्या मांडीला टेकून बसली आणि पुढचा सिनेमा सुरू केला. पिल्लं बाहेर आली. रोबो चालत मात्र आला नाही. तो गंजून गेला होता. गावातल्या पोरांनी तेल घातलं तेव्हा त्याचा एक हात तेवढा उचलला गेला. त्या हातावर पिल्लं चढली. मला हा शेवट माझ्या शेवटापेक्षा बरा वाटला.

चहा आला. भाचीने माझी बाही ओढली.

"आत्या, परत सांग ना. विसरले."

ती विसरली नव्हती. ओठ आतल्या आत दाबून धरले होते तिने, मला दिसत होतं. मी कप खाली ठेवला आणि तिच्या कानाशी वाकले.