मनूचा मूळ फोटो

मनूच्या गालावरची लाली खोटी होती.
मीच चढवली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. माझी पुतणी. चिकलठाण्याला कंपनीत नोकरी, आणि वेड कसलं, तर समुद्राखाली जाऊन फोटो काढायचं!

कॅमेरा घ्यायची वेळ आली तेव्हा थेट माझ्या स्टुडिओत.
"काका, कोणता घेऊ?"
"मला काय विचारती? मी आजवर लग्नातली माणसं काढली, मासे नाय."
"माणसं तरी कुठं सरळ बसतात तुमच्यापुढं?"

मग दोघंही शिकलो. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून.
म्हटलं, मोठ्याच्या नादी लागू नको. हातात मावेल असा घे, पण रॉ फाइल देणारा. त्या कच्च्या फाइलीत रंग नंतर सुधारता येतात.

कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीची परीक्षा फुलंब्रीच्या आमच्या विहिरीत. आत टिश्यू पेपर आणि एक दगड, दोरीला बांधून खाली सोडली.
वर काढली. कागद कोरडा!
मनू काठावर अशी नाचली की मीच तिचा दंड धरून ठेवला.

मालवणहून पहिले फोटो आले. मासे, माणसं, सगळं निळं-हिरवं. पाणी आधी लाल रंग खातं.
"जवळ जा गं. हातभर अंतरावरून काढ. मधलं पाणी कमी, तेवढा रंग जास्त. आणि खाली गेलीस की पांढरी पाटी धरून व्हाइट बॅलन्स लाव, म्हणजे कॅमेऱ्याला खरा पांढरा कळेल."
पुढच्या खेपेला तिनं तसंच केलं. राहिलेला लाल मी कॉम्प्युटरवर परत आणला.
"काका, लई भारी! मासा जिता केला तुम्ही!"

शेवटच्या ट्रिपमधला एक फोटो मात्र पाण्याबाहेरचा. बोटीवर, मैत्रिणींसोबत.
लाइफ जॅकेटं केशरी. मैत्रिणींचे चेहरे ठीक.
एकटी मनू पांढरीफटक.

मला वाटलं, उजेडाचा दोष.
तिच्या तेवढ्या गाला-ओठांवर ब्रश फिरवला. नवरी फिकी दिसली की हात आपोआप तिकडं जातो, सगळा जन्म तेच केलं.
फॅमिली ग्रुपवर टाकला. तिची आई म्हणाली, "समुद्र मानवला बाई पोरीला!"

दोन महिन्यांनी कळलं, दोष रक्तात होता. उशीर झाला होता.

दवाखान्यात तिचा हात धरून सांगितलं, "मनू, मला दिसलं होतं गं. मी पुसून टाकलं."
ती हसली.
"मला पण आरशात दिसत होतं, काका. मग तुमचा फोटो पाहिला. म्हटलं, चला, काही नाय झालं आपल्याला."

माझं ओझं हलकं करायला बोलली ती.
तेच वाक्य मला जेवू देत नाही.

मूळ फाइल जपून ठेवली होती. वर्षभर उघडायचा धीर झाला नाही.
आज तीच खाली टाकतोय. ब्रश लावलेला नाही.

मनू, आता तू होतीस तशीच बघतो गं तुला.
भरल्या डोळ्यांनी निरोप, पोरी.
— तुझा काका