कर्नाळ्याची एक सोडून

पळस्प्याच्या नाक्यापासून उरणच्या मोरा बंदरापर्यंत जेवढ्या पोकलेन डोंगर उकरत असतील, त्यांतल्या एकीच्याही इंजिनाचे विजेचे दुखणे आमच्या वायरवाल्या चाचांपासून लपलेले नाही. अपवाद फक्त एकीचा, आणि तो माझ्यामुळे घडला. ही गोष्ट मी सहा वर्षे कोणालाही सांगितली नाही. चाचांविषयी लिहायचे, तर आधी एवढे कबूल करणे भाग आहे. नाहीतर पुढची सारी स्तुती लाच ठरेल.

चाचा पनवेलचे कोकणी मुसलमान. उमेदीची वर्षे आखातात अवजड यंत्रांच्या वायरिंगमध्ये घालवून ते परतले आणि पळस्प्याला पत्र्याचे दुकान टाकून बसले. मी तेव्हा एका ठेकेदाराच्या यंत्रांची देखभाल पाहत असे. अलीकडच्या इंजिनांत काही बिघडले की चालकासमोरच्या पडद्यावर एक आकडा उमटतो; त्याला कोड म्हणतात. आम्ही डिप्लोमावाले लॅपटॉप जोडून त्या आकड्याचा अर्थ पाहत असू, आणि अमुक सेन्सरचे नाव दिसले की तो सेन्सर बदलून मोकळे होत असू. चाचांना हे पाहवत नसे. "साहेब, कोड म्हणजे फिर्याद," ते शांतपणे सांगत. "चोर पकडायचा सोडून तुम्ही फिर्यादीलाच बदलून टाकता." नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी तीच फिर्याद करी आणि आम्हाला चाचांना बोलवावे लागे. आल्यावर 'मी सांगितले होते' असे ते कधीही म्हणत नसत. जुना सेन्सर कुठे टाकला एवढेच विचारीत, आणि चोर सापडल्यावर तोच सेन्सर पुसून, जणू त्याची क्षमा मागून, परत जागेवर बसवीत.

लॅपटॉप उघडण्यापूर्वी चालकाची जबानी घेण्याचा त्यांचा रिवाज होता. आमच्या एका आगरी चालकाला त्यांनी विचारले, "बंद पडली तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?"

"तंबाखू. पन तुमी मशीनचं बोला ना, चाचा."

"मशीनचंच बोलतोय. कधी लावली होतीस?"

"मशीन चालू केली तवाच."

"आणि बंद पडली तेव्हा चव होती?"

चालकाने प्रामाणिकपणे विचार केला. "नुकतीच गेलती."

"म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं," चाचा माझ्याकडे वळून म्हणाले. "थंड असताना जोडलेलं असतं, साहेब. गरम झालं की तुटतं." सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर त्यांनी चहा येण्यापूर्वी बाहेर काढली. तो चालक पुढे कित्येक दिवस मला ऐकवीत होता, "तुमच्या लॅपटॉपात तंबाखू हाय का? नाय ना? मग?"

चाचांचा कान कार्यप्रसंगीही बंद नसे. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते मंडपामागे गेले, ते अक्षता संपल्या तरी परतले नाहीत. आहेर देताना त्यांच्या बोटांना ग्रीस होते. जनरेटरचे एक टोक ढिले होते, म्हणाले. मुलीच्या सासरच्यांसमोर अंधार झाला असता तर बरे दिसले नसते.

त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची एक डबी असे आणि तीत गोळ्यांऐवजी निरनिराळ्या मापांच्या पितळी पिना. रोजा-नमाजाचा आग्रह त्यांनी कोणाला केला नाही, पण एक नियम मात्र सर्वांवर लादला: वायरी जिथे एकमेकींना जोडतात, त्या कनेक्टरच्या बारीक भोकात मीटरचे जाड टोक खुपसायचे नाही; मापाची पिन घालूनच तपासायचे; भोक शाबूत असेल तर कनेक्टर उलटा धरला तरी पिन पडत नाही. "कानाचं भोक ओघळलं की कुडी राहत नाही, साहेब. तसंच हे. केसभर फाकलं, की कधी लागतं, कधी सुटतं, आणि मग खुदालाच ठाऊक." तपासून झालेल्या प्रत्येक कनेक्टरला ते पांढरा दोरा बांधीत.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावर आमची एक पोकलेन होती. तिची शक्ती एकदा अचानक कमी झाली आणि मी घाईत होतो. मीटरचे टोक भोकात जाईना, म्हणून मी ते जोराने दाबले. आत काहीतरी फाकल्याचे माझ्या बोटांना कळले. मूळ बिघाड भलतीकडे, एका फ्यूजमध्ये निघाला. तो मी बदलला आणि घरी गेलो. त्या दिवसापासून ती पोकलेन वाटेल तेव्हा बंद पडू लागली.

चाचा अकरा दिवस येत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच कनेक्टर हातात धरून त्यांनी सर्वांना विचारले, "ह्यात कोणी काही खुपसलं होतं का?" चालक म्हणाला, "नाय." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या माणसांदेखत मी म्हणालो, "छे." चाचांनी मान डोलावली आणि त्या कनेक्टरला पांढरा दोरा बांधला. बाकीच्या दोऱ्यांमागे त्यांची पिन होती. त्या एकामागे माझा शब्द होता. यंत्राच्या बोलण्यावर ते अर्धाच विश्वास ठेवीत, माणसाच्या बोलण्यावर पुरा.

अखेर ठेकेदाराने कंटाळून सगळे वायरिंगच नवे घातले. पोकलेन सुरळीत चालू लागली. सर्वांना आनंद झाला, एकट्या चाचांना नाही. "बरी झाली," ते म्हणाले, "पण कळली नाही." जुने वायरिंग त्यांनी मागून घेतले आणि दुकानात खिळ्याला टांगले. दर शुक्रवारी नमाजानंतर ते खाली उतरवून, दोरा बांधलेले कनेक्टर सोडून, वायर न् वायर तपासू लागले. ती पोकलेन ट्रेलरवरून पळस्प्याहून जाताना दिसली, की ट्रेलर थांबवून, सासरी दिलेल्या मुलीची करावी तशी चौकशी करू लागले. आणि 'चाचा, तुमच्या हातून एकही सुटत नाही' असे कोणी म्हटले, की न चुकता पुस्ती जोडीत, "कर्नाळ्याची एक सोडून." लोक हसत. मीही हसत असे, याची मला आज सर्वांत अधिक लाज वाटते.

गेल्या महिन्यात तोच तंबाखूवाला चालक भेटला. "चाचा दुकान बंद करतायत," तो म्हणाला. "काम घेऊन गेलो तर परत पाठवला. म्हनले, माजा हात कच्चा हाय, कर्नाळ्याची सापडली नाय तवापासून भरवसा नाय राहिला."

त्या शुक्रवारी मी दुकानात गेलो. वायरिंग चटईवर पसरलेले होते आणि चाचा डोळ्याला भिंग लावून बसले होते. "या, साहेब. आज शेवटचं बघतो, मग भंगारात."

मी चटईवर बसलो. दोरे आता पिवळे पडले होते. तो कनेक्टर शोधायला मला वेळ लागला नाही. मी नखाने त्याचा दोरा सोडला, चाचांपुढच्या डबीतून मापाची पिन घेतली, भोकात घातली आणि कनेक्टर उलटा धरला. पिन चटईवर पडली.

चाचांनी ती उचलून पुन्हा भोकात घातली; ती पुन्हा पडली. "पण हा तर तपासलेला होता," ते म्हणाले.

"तुम्ही तपासला नव्हता, चाचा. तुम्ही मला विचारलं होतं. मीटरचं टोक मीच खुपसलं होतं, आणि चार माणसांसमोर तुमच्याशी खोटं बोललो. तुमचा हात चुकला नव्हता. मला माफ करा."